खिंडसीसाठी होडीच्या तळात नवा खोली-वेग सेन्सर : कामाच्या नोंदी

शिडाची होडी २३ फुटी, फायबरग्लासची, उचलता येणाऱ्या कीलची (कील म्हणजे तळाखाली पाण्यात उतरणारं पातं). मुंबईत वापरलेली, तिथून ट्रेलरवर नागपूरला आणली. सध्या हिंगणा एमआयडीसीतल्या एका ओळखीच्या शेडमध्ये घोड्यांवर (टेकूंच्या चौकटींवर) उभी आहे. पावसाळा संपला की रामटेकजवळच्या खिंडसी तलावात उतरवायची आहे. त्याआधी तळातले जुने दोन सेन्सर, एक खोलीचा आणि एक वेगाचा, काढून त्यांच्या जागी खोली, वेग आणि पाण्याचं तापमान असं तिन्ही मोजणारा एकच सेन्सर बसवायचा आहे.

तलावात खोलीचा सेन्सर कशाला, असं पुष्कळांनी विचारलं. धरणाच्या पाण्याची पातळी ऑक्टोबरपासून मेपर्यंत उतरत राहते. दिवाळीत ज्या जागेवरून होडी निवांत गेली, तिथेच मार्चमध्ये झाडाचं खोड किंवा जुन्या शेताचा बांध कीलला लागतो. समुद्राचा नकाशा मिळतो, भरती-ओहोटीचं कोष्टक मिळतं. तलावाचं असलं काही हाती नसतं. आपल्यासाठी खोली मोजणारं यंत्र हाच नकाशा.

१९ एप्रिल

जुने सेन्सर बॅटरी लावून तपासले. खोलीचा पूर्ण मेलेला. वेगाचं पॅडल-व्हील (पाण्याने फिरणारं छोटं पात्यांचं चाक) बोटाने फिरवलं तर डिस्प्लेचा काटा हलतो, पण पात्यांवर वाळलेले शिंपले आणि दोन पाती तुटलेली. दोन्ही हाउसिंग (सेन्सर धरून ठेवणाऱ्या, तळातून आरपार जाणाऱ्या नळ्या) ४२ मिमी भोकात बसवलेली आहेत. नव्या सेन्सरला २ इंची, म्हणजे ५१ मिमी भोक लागतं. तेव्हा वेगाचं भोक मोठं करायचं आणि खोलीचं कायमचं बुजवायचं, असं ठरवलं.

वेगाच्या सेन्सरची जागा नीट आहे. कीलच्या पुढे, नाळेपासून, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकापासून, साधारण एक तृतीयांशावर, मध्यरेषेला लागून. पॅडल-व्हीलला न ढवळलेलं पाणी हवं आणि खोलीच्या सेन्सरखाली हवेचे बुडबुडे यायला नकोत. कीलच्या मागे बसवला तर दोन्ही बिघडतं. कीलच्या फार जवळ बसवला तर खोली मोजायला सेन्सर जो आवाज खाली पाठवतो त्याच्या वाटेत खाली सोडलेली कीलच येते.

२२ एप्रिल

जुनी हाउसिंग काढली. आतला नट सहज सुटला, पण बाहेरची कड पॉलियुरेथेन सिलंटने (फटी बुजवणाऱ्या चिकट रबराने) अशी धरलेली की पटाशी घालून उचकटायला गेलो तेव्हा कडेचा जेलकोट (फायबरवरचा बाहेरचा गुळगुळीत थर) टवका होऊन निघाला. मग हत्यार बदललं. छोट्या ग्राइंडरने बाहेरची कड घासून संपवली आणि उरलेली नळी आतल्या बाजूला ठोकून काढली. दुसरं हाउसिंग पहिल्यापासून असंच काढलं, जेलकोटला ओरखडाही आला नाही. ज्यांना हे काम करायचं आहे त्यांनी पटाशी हातात घेऊच नये.

नळी निघाल्यावर भोकाच्या कडेला काय दिसलं ते पाहून हात थांबला. बाहेर ६ मिमी फायबर, आत ३ मिमी फायबर आणि मध्ये १२ मिमी बाल्सा लाकूड. तळ भरीव असेल अशी अपेक्षा होती. बाल्सा काळपट, बोट दाबलं की पाणी सुटतं. आधी ज्याने सेन्सर बसवले त्याने थेट बाल्सातून भोक पाडलं, कड बंद केलीच नाही. सिलंट म्हातारं झालं, पाणी शिरलं आणि लाकूड पीत राहिलं.

हे दिसल्यावर कामाचं स्वरूपच बदललं. सेन्सर बसवणं एका सकाळचं काम. तळ सुकवणं आणि पुन्हा बांधणं हे खरं काम, पुढच्या बहुतेक नोंदी त्याच्याच आहेत.

२४ एप्रिल

एल-आकाराची ॲलन की ड्रिलच्या चकमध्ये धरली आणि दोन्ही फायबरच्या मधून बाल्सा कुरतडून काढला. वेगाच्या भोकाभोवती बोटभर गेल्यावर कोरडं, पांढरं लाकूड लागलं. खोलीच्या भोकाभोवती मात्र नाळेकडच्या बाजूला तळहाताएवढा भाग ओला आहे, तिथे की पोचत नाही. आतल्या बाजूचं ३ मिमी फायबर चौकोनी कापून काढावं लागलं. आतून कापायचं, बाहेरची कातडी शाबूत ठेवायची. बाहेरची कातडी पाण्याचा दाब सोसते आणि तळाचा आकार धरते, तिला हात लावला तर पुढे घासकाम कितीतरी वाढतं.

शेडशेजारचे फायबरवाले काका बघायला आले. पाण्याच्या टाक्या आणि दारांचे पल्ले बनवण्यात त्यांचं आयुष्य गेलं. म्हणाले, "अजी, हे तं लाकूड सडून राह्यलं. सगळं खोलून टाका, अन् आता वाळू द्या. घाई नोका करू."

६ मे

वाळवण चालू. या एका बाबतीत नागपूरने मुंबईपेक्षा मोठं काम केलं. दुपारी पारा ४४ च्या पुढे आणि हवा इतकी कोरडी की ओला टॉवेल दोरीवर टाकेपर्यंत वाळतो. मुंबईत याच दिवसांत घामाने शर्ट अंगाला चिकटतो, तिथे हे लाकूड असं सुकलं नसतं. होडीची दोन्ही झाकणं उघडी, आत एक पंखा चालू, भोकं मोकळी.

सुकलं की नाही हे हात लावून कळत नाही. वरचा थर कोरडा लागतो आणि आत ओल असते. दोन गोष्टी करतो आहे. ओल्या भागातून बाल्साचा एक तुकडा काढून सोनाराच्या छोट्या डिजिटल काट्यावर वजन केलं, १२.४ ग्रॅम. तो तुकडा होडीच्या आतच, उघड्या भागाशेजारी ठेवला आहे. आता ६ ग्रॅमच्या खाली आला. पण सुटा तुकडा सहा बाजूंनी वाळतो, तळातलं लाकूड एकाच बाजूने, म्हणून यावर पूर्ण भिस्त ठेवत नाही. दुसरी परीक्षा जास्त खरी. संध्याकाळी उघड्या बाल्सावर पारदर्शक पॉलिथिन चारी बाजूंनी टेपने चिकटवायचं. सकाळी आतून वाफ धरलेली दिसली तर ओल आहे. अजून नाळेकडच्या कोपऱ्यात वाफ धरते.

१४ मे

सेन्सर आला. एअरमारचा डीएसटी ८१०, प्लास्टिक हाउसिंगसह. कुरिअर आणि कस्टम ड्युटी धरून ३८ हजारांच्या आसपास पडला. एनएमईए २००० (होडीतली यंत्रं एकमेकांशी जोडणारं जाळं) ची मुख्य केबल, टी-जोड आणि टर्मिनेटर मिळून साडेआठ हजार. डिस्प्ले वापरलेला घेतला, ११ हजार.

प्लास्टिक की ब्राँझ, यावर बराच विचार केला. फायबरच्या तळाला प्लास्टिक चालतं. लाकडी तळात प्लास्टिक बसवू नये, लाकूड फुगलं की हाउसिंगला चीर जाते. धातूच्या तळात ब्राँझचं हाउसिंग नको, गंज चढतो. आमचा तळ फायबरचा आणि गोड्या पाण्याचा, तेव्हा प्लास्टिक.

तळ वाळेपर्यंत सेन्सरची परीक्षा घ्यायची होती, कारण बसवल्यावर बिघाड कळला तर तो सेन्सरचा की वायरिंगचा हे शोधण्यात दिवस जातात. काटोल रस्त्यावर नातेवाइकांचं संत्र्याचं शेत आहे, तिथे पायऱ्यांची विहीर. सेन्सर पीव्हीसी पाइपच्या टोकाला बांधला, भाचा शेवटच्या पायरीवर बसला आणि सेन्सरचं तोंड पाण्यात धरलं. दोरीला दगड बांधून मोजलेली खोली २.४ मीटर. डिस्प्लेवर कधी ०.७, कधी २.४, कधी ४.८.

"मामा, बिघडलेलाच आला वाट्टे," भाचा म्हणाला.

सेन्सर ठीक होता, विहीर अयोग्य होती. या सेन्सरचा बीम, म्हणजे आवाजाचा झोत, गोल नाही, पंख्यासारखा आहे, एका दिशेला १० अंश आणि दुसऱ्या दिशेला ४४ अंश. होडी एका कुशीवर कलली तरी एखादी किरण सरळ खाली जावी म्हणून तो रुंद ठेवतात. पायरीवर बसून धरला की पंख्याची एक बाजू विहिरीच्या भिंतीवर आदळते, तो ०.७. आणि तळ काळ्या पाषाणाचा असल्याने आवाज तळाला लागून वर येतो, पाण्याच्या पृष्ठभागाला आपटून पुन्हा खाली जाऊन येतो, तो बरोबर दुप्पट ४.८. कडक तळावर उथळ पाण्यात दुप्पट आकडा दिसला तर हे लक्षात ठेवा. तलावातही खडकावर असं होऊ शकतं.

१५ मे

शेजारच्या शेतकऱ्याच्या शेततळ्यात परत परीक्षा. ३० बाय ३० चं, प्लास्टिक अंथरलेलं. उन्हाळ्याने पाणी उतरलेलं. थर्मोकोलच्या जाड पत्र्याला भोक पाडून सेन्सर त्यात बसवला, भाचा लाइफ जॅकेट घालून ट्रॅक्टरच्या ट्यूबवर, मांडीवर डब्यात बॅटरी आणि डिस्प्ले. काठावर दोर धरून मी आणि शेतकरी भाऊ. शेततळ्याचं प्लास्टिक शेवाळाने इतकं गुळगुळीत असतं की पडलेल्या माणसाला चढून बाहेर येता येत नाही, दरवर्षी माणसं बुडतात. दोर आणि जॅकेटशिवाय हे करू नका.

मध्यभागी बांबूने मोजलं १.९५ मीटर, डिस्प्लेवर १.९. काठाकडे आणत गेलो तसा आकडा उतारासारखा कमी होत गेला. पॅडल-व्हील हाताने फिरवल्यावर वेग दिसला, तापमान थर्मामीटरशी अर्ध्या अंशात जुळलं. सेन्सर पास.

२३ मे

पॉलिथिनखाली सलग काही सकाळी वाफ नाही. नाळेकडचा कोपराही कोरडा. तुकड्याचं वजन ५.१ ग्रॅमवर थांबलं, पुढे उतरत नाही. आता भरायला हरकत नाही.

२६ मे

नवतपा, उन्हाळ्यातले सगळ्यात तापते नऊ दिवस, लागला. काल शेडमध्ये पत्र्याखाली ४७ दाखवत होतं.

काम असं होतं : भोकाभोवती जिथून बाल्सा कुरतडला ती पोकळी इपॉक्सी (हार्डनर मिसळला की घट्ट होणारं रेझिन) आणि सिलिकाच्या घट्ट मिश्रणाने भरायची. ते घट्ट झालं की त्याच्या मधोमध नवं भोक पडेल. भोकाची कड सगळीकडून भरीव इपॉक्सीची, पुन्हा कधी पाणी शिरलं तरी लाकडापर्यंत पोचणार नाही.

सकाळी सातला सुरुवात केली आणि एवढ्यानेच उशीर झाला. इपॉक्सीच्या डब्यावर २५ अंशाला २५ मिनिटं लिहिलेली असतात. साधारण दर १० अंशाला हा वेळ निम्मा होतो. शेडमध्ये सातलाच ३५ होतं. मगमध्ये ढवळलेलं मिश्रण भरेपर्यंत मग हातात धरवेना, धूर निघाला आणि अख्खा गोळा दगड झाला. दुसरं मिश्रण थोडं करून पटकन पोकळीत भरलं, एका दमात पूर्ण. तेही आत तापलं. संध्याकाळी पाहिलं तर बुडबुडे आणि मधोमध केसाएवढी चीर. इपॉक्सी घट्ट होताना स्वतः उष्णता काढते. जाड थरात ती उष्णता बाहेर पडत नाही, मिश्रण आणखी तापतं, आणखी वेगाने घट्ट होतं. ते सगळं उद्या घासून काढायचं. सुमारे १८०० रुपयांचं रेझिन आणि अख्खा दिवस गेला.

२९ मे

भरलेलं घासून काढून नव्याने सुरुवात. या वेळी बदल केले ते असे. मंद हार्डनर मागवला. रेझिन आणि हार्डनर दोन्ही रात्री कूलरसमोर ठेवले. काम पहाटे साडेचारला, शेडमध्ये तेव्हा २९ अंश. मिश्रण मगमध्ये न ठेवता ढवळल्याबरोबर स्टीलच्या परातीत पसरवलं, पातळ थरात उष्णता निघून जाते. परातीखाली बर्फाच्या पाण्याची थाळी, पण पाण्याचा थेंब रेझिनमध्ये जाणार नाही याची काळजी घेऊन. पोकळी एका वेळी बोटाच्या पेराएवढीच भरली, तो थर कोमट होऊन निवल्यावर पुढचा. उजाडेपर्यंत दोन थर झाले. उरलेले दुसऱ्या पहाटे.

आज टाचणी टोचून पाहिली, काचेसारखं भरलंय. चीर नाही.

२ जून

खोलीचं जुनं भोक बुजवलं. यासाठी भोकाभोवतीचा तळ बशीसारखा उतरता घासावा लागतो. ६ मिमी जाडीला १२ पट उतार, म्हणजे भोकाच्या कडेपासून ७२ मिमीपर्यंत. ४२ चं भोक आणि दोन्हीकडे ७२, मिळून १८६ मिमीची बशी. एवढ्या छोट्या भोकासाठी एवढं घासायचं, हे कुणालाही पटत नाही, मलाही करताना जिवावर आलं. पण नवं फायबर जुन्याला नुसतं चिकटून धरतं, विरघळून एक होत नाही. चिकटायला जागा जेवढी जास्त तेवढी पकड. सरळ कडेच्या भोकात बूच बसवलं तर ट्रेलरच्या एखाद्या दणक्याने ते निघू शकतं, आणि ते तळात आहे.

फायबरवाले काका मदतीला होते. त्यांनी त्यांचं नेहमीचं चॉप्ड स्ट्रँड मॅट (फायबरच्या तुटक धाग्यांची चादर) आणलं. पहिला थर इपॉक्सीने भिजवला, रोलर फिरवला, तरी मॅट पांढरंच. कडक, वळणावर बसेना. काका म्हणाले, "भाऊ, तुमचं हे रेझिनच खराब हाय. माह्यावालं पॉलिस्टर आणू का?"

रेझिन चांगलं होतं. मॅटमधले तुकडे एकमेकांना धरून ठेवायला जो बाइंडर असतो तो पॉलिस्टर रेझिनमधल्या स्टायरीनमध्ये विरघळतो. इपॉक्सीत स्टायरीन नसतं, बाइंडर विरघळत नाही, मॅट सैल होत नाही. थर ओला होता तोवरच सोलून काढला. इपॉक्सीसाठी विणलेलं कापड किंवा शिवलेलं बायॲक्सियल (दोन दिशांच्या धाग्यांचं) कापड लागतं. काकांच्या गोडाऊनमध्ये विणलेलं कापड सापडलं, त्याचे लहान ते मोठे गोल कापले, सगळ्यात मोठा आधी आणि लहान नंतर. पाणी भरलेल्या ग्लासासारखं ते लगेच पारदर्शक झालं. काकांनी बोटाने दाबून पाहिलं आणि म्हणाले, "हे लय भारी बसलं जी." त्यानंतर उरलेले सगळे थर त्यांनीच चढवले, माझ्यापेक्षा कितीतरी सफाईने. रोलरखालची हवा काढण्यात त्यांचा हात कुणाला यायचा नाही.

पॉलिस्टर का नाही याचंही उत्तर इथेच लिहितो. जुन्या, पूर्ण वाळलेल्या फायबरवर दुरुस्ती करताना इपॉक्सीची पकड जास्त. एकच अडचण, वर पॉलिस्टरचा जेलकोट चढवला तर तो नीट धरत नाही. म्हणून पाण्याखालच्या या जागेवर इपॉक्सी प्रायमर आणि रंग.

आतून काढलेला ३ मिमीचा चौकोनही नवा बाल्सा घालून असाच बंद केला. त्याबद्दल विशेष लिहिण्यासारखं काही नाही, काटकसरीने आणि वेळेत झालं.

८ जून

५१ मिमी भोक. जुनं भोक इपॉक्सीने पूर्ण भरून घेतल्याने होल-सॉच्या (गोल भोक कापणाऱ्या करवतीच्या) मधल्या ड्रिलला धरायला जागा मिळाली. ज्यांचा तळ भरीव आहे आणि जुनं भोक फक्त मोठं करायचं आहे त्यांनी आधी त्यात लाकडाचं गोल बूच घट्ट बसवावं, नाहीतर होल-सॉ नाचतो आणि जेलकोटवर चंद्रकोरी काढतो.

मध्याचं छोटं भोक आतून, होल-सॉ बाहेरून. इतवारीतल्या लोहाओळीतून घेतलेला २ इंची बायमेटल, सहाशे रुपये. ड्रिल हळू, मध्ये मध्ये थांबून. इपॉक्सी तापली की दात बुजतात. तोंडाला चांगला मास्क. फायबरची धूळ फुप्फुसाला त्रास देते आणि या उकाड्यात मास्क काढावासा सतत वाटतो. कापलेली चकती जपून ठेवली : बाहेरचं फायबर, मधली इपॉक्सी, आतलं फायबर, तिन्ही थर सलग, कुठे पोकळी नाही.

१० जून

सिलंटचा दिवस. हाउसिंगच्या प्लास्टिकला ॲसिटोन लावायचं नाही, ते प्लास्टिक खातं. फायबरची कड ॲसिटोनने पुसून पूर्ण उडू दिली, हाउसिंग साबणाच्या पाण्याने धुऊन वाळवलं. पॉलिसल्फाइड काही प्लास्टिकना मऊ करतं म्हणून पाण्याखाली चालणारं पॉलियुरेथेन घेतलं.

हाउसिंगवरचा बाण नाळेकडे. पंख्यासारखा बीम आडवा पसरायला हवा, म्हणून हा बाण महत्त्वाचा. तो फिरला तर पॅडल-व्हीलही तिरकं बसून वेग कमी दाखवतं. मी बाहेरून धरलं, मदतीला आलेले लेथवाले भाऊ आतून नट फिरवत होते. हाताने घट्ट झाल्यावर त्यांनी पाइपपाना घेतला. थांबवलं. म्हणाले, "काऊन भाऊ? पानी आत येईन ना." प्लास्टिकच्या नटला पाना लावायचा नाही, हाताने जेवढा बसतो तेवढाच. पाणी अडवतं ते सिलंट, नट फक्त धरून ठेवतो. पाना लावला तर सगळं सिलंट बाहेर दाबलं जातं, कडेत कोरडी फट उरते आणि आट्यांना चीर जाते, जी महिन्यांनी उघडते.

१३ जून

सिलंट अजून बोटाला चिकटतं. डब्यावर ४८ तास लिहिलं आहे. कारण लक्षात यायला वेळ लागला नाही : पॉलियुरेथेन हवेतल्या ओलाव्याने वाळतं, आणि मान्सून यायचा आहे. ज्या कोरड्या हवेने बाल्सा सुकवला तीच इथे आडवी आली. डेझर्ट कूलर आणून तळाखाली असा ठेवला की ओली हवा हाउसिंगच्या कडेवर येईल, बाजूंना भिजवलेली पोती टांगली. समुद्रकाठच्या माणसाला या अडचणीचा अनुभवच येत नाही, म्हणून विदर्भात काम करणाऱ्यांसाठी मुद्दाम लिहून ठेवतो आहे. ताकीद एवढीच की बाल्साचं आणि रेझिनचं सगळं काम संपल्याशिवाय कूलर आणू नये.

१७ जून

सिलंट रबरासारखं झालं. बाहेर आलेली कड ब्लेडने कापली.

५ जुलै

वायरिंग. सेन्सरची ६ मीटर केबल कापायची नाही, जोडणीचा गोल कनेक्टर निघेल एवढं २० मिमी भोक प्रत्येक आडव्या भिंतीत पाडून ओढत नेली. मुख्य केबल नाळेकडून कॉकपिटपर्यंत.

शेततळ्यावर जे नीट चाललं ते होडीत तुटक चालायला लागलं. तापमान दिसतं, दहा सेकंद जातं, परत येतं. कनेक्टर परत लावले, डिस्प्ले बदलून पाहिला, पूर्ण संध्याकाळ गेली. शेवटी वीज बंद करून मल्टिमीटरने दोन डेटा-तारांमधला रोध मोजला. १२० ओहम. तो ६० हवा. या जाळ्याच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक टर्मिनेटर लागतो, दोन समांतर म्हणून ६०. १२० म्हणजे एक टर्मिनेटर कामच करत नाही. मागचा टर्मिनेटर आतून तुटलेला निघाला, नवाच असून. शेततळ्यावर केबल हातभर होती म्हणून एका टर्मिनेटरवर निभावलं, इथे केबल लांब झाली आणि संदेश टोकावरून परत आपटायला लागले. बदलला, ६१ ओहम, त्यानंतर एकदाही आकडा गेला नाही. वायरिंग झाल्याबरोबर, काहीही सुरू करण्याआधी, हे एक माप घ्या. आमची संध्याकाळ वाचली असती.

११ ऑक्टोबर

खिंडसी भरलेली. होडी उतरवली. ट्रेलर पाण्यात असतानाच, पट्टे सोडण्याआधी, आत टॉर्च घेऊन बसलो. हाउसिंगची कड कोरडी. पण सेन्सर आणि हाउसिंग यांच्या मधून थेंब येत होता, अर्ध्या मिनिटाला एक. सेन्सर बाहेर ओढला. आत झडप आपोआप मिटते, तरी मगभर पाणी येतं, ते माहीत असलं की घाबरायला होत नाही. डमी प्लग (सेन्सरच्या जागी बसणारं बूच) बसवला. सेन्सरच्या खालच्या ओ-रिंगवर (रबरी कडीवर) वाळूचे कण होते, शेडमधली धूळ. पुसून सिलिकॉन ग्रीस लावून परत बसवला. थेंब बंद. रात्रभर होडी काठाला बांधून दर दोन तासांनी पाहिलं, कोरडी.

१२ ऑक्टोबर

दोरीला एक किलोचं वजन बांधून, अर्ध्या मीटरवर गाठी मारून, चार ठिकाणी खोली ताडून पाहिली. दोरी ५.५, यंत्र ५.१. फरक सगळीकडे ०.४, म्हणजे सेन्सर पाणरेषेखाली जेवढा आहे तेवढाच. पाणरेषेपासून खोली हवी तर ०.४ मिळवायचे. कीलखाली किती पाणी उरलं ते हवं तर सेन्सरपासून कीलच्या टोकापर्यंतचं अंतर वजा करायचं. आमची कील वर-खाली होते, त्यामुळे कीलखालचं पाणी हा आकडा फसवा ठरेल. पाणरेषेपासूनची खोली ठेवली आणि डिस्प्लेच्या शेजारी लिहिलं : कील खाली १.३, कील वर ०.६.

आवाजाचा वेग गोड्या पाण्यात वेगळा म्हणून चूक येईल अशी शंका होती. २७ अंशाच्या गोड्या पाण्यात तो सेकंदाला १५०० मीटरच्या अगदी जवळ येतो, यंत्रंही साधारण तेवढाच धरतात. वेगळी दुरुस्ती लागली नाही.

पाणवनस्पतींच्या दाट पट्ट्यावर मात्र यंत्र ०.९ दाखवतं आणि दोरी २.५. आवाज पाल्यावरूनच परत येतो. तिथे पॅडल-व्हीललाही तंतू गुंडाळले. त्या बाजूला जायचं नाही असं ठरवलं.

१ नोव्हेंबर

वेगाचं माप जुळवलं. तलावाला प्रवाह नाही, हे नदी आणि खाडीपेक्षा सोपं. तरी वारा वरचं पाणी सरकवतो, म्हणून मोटारवर एकाच रेषेत जाऊन-येऊन सरासरी घेतली. जीपीएसवर ४.० नॉट, यंत्रावर ३.५. तळाला चिकटून चालणारं पाणी मंद असतं, पॅडल-व्हील त्यातच फिरतं, म्हणून कमी दाखवतं. गुणक १.१४ घातला. परत फेरी मारली, ३ आणि ५ नॉटलाही दशांश दोनच्या आत जुळलं. शिडावर दोन्ही कुशींवर होडी कलवून पाहिली, दोन्हीकडे सारखाच आकडा, मध्यरेषेजवळ बसवल्याचा फायदा.

एकूण खर्च, सेन्सर-डिस्प्ले-केबलसह, ७१ हजारांवर. त्यात रेझिन, कापड आणि वाया गेलेलं मिश्रण नऊ हजार, शेडचं भाडं वेगळं. तळ भरीव असता तर हे नऊ हजार आणि मे महिना दोन्ही वाचले असते, तेव्हा जुनी होडी घेताना सेन्सरच्या भोकाची कड उघडून बघायला मालकाला सांगा.

होडी उभी असताना सेन्सर बाहेर आणि डमी प्लग आत, दोरीने हाउसिंगला बांधलेला. पॅडल-व्हीलवर शेवाळ धरू नये म्हणून पाण्यावर आधारित अँटिफाउलिंगचा एक हात दिला, सॉल्व्हंटचं चालत नाही. पुढची तपासणी फेब्रुवारीत, पाणी बरंच उतरल्यावर. तेव्हा उत्तरेकडच्या काठाची खोली दोरीने परत मोजून घेणार आहोत.